सेवाबाह्य सैनिकी रायफल आणि पोलादी लक्ष्यवेध

सैन्याने वापरातून काढून टाकलेल्या जुन्या रायफलींनी ठराविक अंतरावर टांगलेल्या अथवा उभ्या केलेल्या पोलादी तबकड्यांवर नेम साधण्याचा क्रीडाप्रकार. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. देशांत तो दुसऱ्या महायुद्धानंतर विशेष रूढ झाला. या क्रीडेसाठी दोन गोष्टींची गरज असते : नागरिकाला कायद्याने बाळगता येईल अशी जुनी सैनिकी रायफल आणि सुटलेली प्रत्येक गोळी जेथे निश्चितपणे अडविली जाईल अशी मोकळी जागा. भारतात यांपैकी पहिली गोष्ट कायद्याने जवळजवळ अशक्य केली आहे आणि दुसरी दाट लोकवस्तीमुळे दुर्मिळ झाली आहे. त्यामुळे परदेशात बाजारातून छंदिष्टांच्या हाती गेलेली ली-एन्फील्ड रायफल भारतात सैन्याकडून पोलिसांकडे, पोलिसांकडून कवायतीच्या मैदानाकडे आणि शेवटी भट्टीकडे गेली. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या उदाहरणावरून हा फरक आणि त्यामागील कारणे चांगली समजतात.

उगम व प्रसार : धातूच्या लक्ष्यावर गोळी झाडण्याची कल्पना नवी नाही. ग्रेट ब्रिटनमधील राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे सुरू झाली. तीत व्हिक्टोरिया राणीने तिवईवर पक्क्या बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढून ४०० यार्डांवर (सु. ३६६ मी.) पहिली गोळी झाडली. त्या काळी तेथील लक्ष्ये ओतीव लोखंडाच्या जाड पाट्यांची असत. शिशाची गोळी त्यांवर आपटून चपटी होई व तिचा डाग दिसे. तथापि उडणाऱ्या तुकड्यांचा धोका आणि डागांवरून गुण मोजण्यातील वाद यांमुळे लोखंडी पाट्या मागे पडून चौकटीवर ताणलेल्या कापडाची व कागदाची लक्ष्ये आली. मराठीत लक्ष्यावरील सरावाला जो ‘चांदमारी’ हा शब्द आहे, त्यातील ‘चांद’ म्हणजे अशा लक्ष्याच्या मध्यावरील गोल ठिपका होय.

विसाव्या शतकाच्या मध्यास मेक्सिकोत धातूच्या छायाकृतींवर नेम धरण्याचा खेळ आकारास आला. तत्पूर्वी तेथे जिवंत प्राणी दूर बांधून त्यांवर गोळ्या झाडीत. त्यांच्या जागी पोलादी पत्र्यातून कापलेल्या कोंबडी, रानडुक्कर, टर्की व मेंढा यांच्या आकृती अनुक्रमे २००, ३००, ३८५ व ५०० मी. अंतरांवर उभ्या करण्याची पद्धत पडली. स्पर्धकाने उभे राहून, कशाचाही आधार न घेता नेम धरावयाचा आणि आकृती बैठकीवरून खाली पडली तरच गुण मोजावयाचा, असा नियम आहे. हा खेळ पुढे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पसरला.

दुसरे महायुद्ध (१९३९–४५) संपल्यावर कोट्यवधी रायफली निरुपयोगी ठरल्या. नव्या स्वयंभरण रायफलींमुळे हाताने बोल्ट मागेपुढे करून भरावयाच्या रायफली कालबाह्य झाल्या आणि अनेक सरकारांनी त्या व्यापाऱ्यांना अल्प किमतीत विकल्या. ब्रिटनची ली-एन्फील्ड, जर्मनीची माउझर, रशियाची मोसिन-नगांत आणि स्वित्झर्लंडची के-३१ यांचा त्यांत प्रामुख्याने समावेश होता. अमेरिकेत १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने परदेशी सैनिकी शस्त्रांची आयात बरीच रोखली. १९८० नंतरच्या दशकात संग्राह्य वस्तू म्हणून ती पुन्हा अंशतः खुली झाली. या रायफली मजबूत असतात, त्यांची यंत्ररचना साधी असते आणि त्यांना इतिहास असतो. त्यामुळे इतिहासाची आवड असणारा एक स्वतंत्र नेमबाजवर्ग त्यांच्याभोवती तयार झाला.

ली-एन्फील्ड रायफल : भारताच्या दृष्टीने या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची रायफल म्हणजे ०·३०३ इंच (सु. ७·७ मिमी.) अंतर्व्यासाची ली-एन्फील्ड होय. सर्वसामान्य लोकांत ती ‘थ्री नॉट थ्री’ या नावानेच परिचित आहे. तिच्या बोल्टाची रचना स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) याची, तर नळीतील आट्यांची रचना एन्फील्ड येथील सरकारी कारखान्याची. त्यावरून तिचे जोडनाव पडले. १८९५ मध्ये ती ब्रिटिश सैन्यात दाखल झाली. तिची आखूड सुधारित आवृत्ती १९०७ मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या (मार्क ३) रूपात स्थिर झाली. या आवृत्तीची लांबी सु. १·१३ मी., नळीची लांबी सु. ६४ सेंमी. आणि वजन सु. ३·९ किग्रॅ. असते. नळीच्या आत डाव्या बाजूस वळणाऱ्या पाच खाचा असून त्यांचा एक पूर्ण वेढा २५४ मिमी. लांबीत होतो. या वेढ्यामुळे गोळीला स्वतःभोवती वेगवान गती मिळते व ती मार्गात स्थिर राहते.

पेटीत दहा काडतुसे मावतात व ती पाचपाचांच्या पट्टीने वरून भरतात. बोल्टाची चाल आखूड असल्याने आणि आघातपिनेची कमान बोल्ट पुढे ढकलताना ताणली जात असल्याने ही रायफल जलद चालविता येते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश प्रशिक्षणात ३०० यार्डांवरील लक्ष्यावर एका मिनिटात पंधरा गोळ्या झाडण्याची परीक्षा असे. १९१० मध्ये स्वीकारलेल्या सातव्या श्रेणीच्या काडतुसातील टोकदार गोळीचे वजन सु. ११·३ ग्रॅ. आणि नळीमुखाशी वेग सेकंदाला सु. ७४४ मी. असतो. त्यावरून गोळीची गतिज ऊर्जा सु. ३,१०० जूल येते. तुलनेसाठी, ऑलिंपिक स्पर्धेतील १० मी. अंतरावरच्या हवाई रायफलीच्या छर्‍याची ऊर्जा सु. ८ जूल असते.

ही रायफल पश्चिम बंगालमधील इशापूर येथील कारखान्यात पहिल्या महायुद्धापूर्वीपासून तयार होऊ लागली. तिची काडतुसे पुणे जिल्ह्यातील खडकी येथील दारूगोळा कारखान्यातही (स्थापना १८६९) बनत; त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही खूण आढळते. दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणींनी मेसोपोटेमियापासून इटलीपर्यंत हीच रायफल वापरली. भारत-चीन संघर्षात (१९६२) भारतीय पायदळाच्या हाती प्रामुख्याने तीच होती. त्यानंतर इशापूर येथे तिच्याच धर्तीवर, पण अधिक मजबूत पोलादाची व ७·६२ मिमी. काडतुसाची ‘२अ’ आणि नंतर ‘२अ१’ ही रायफल निघाली. दुसरीच्या मागील दर्शकावर २,००० यार्डांऐवजी ८०० मी. पर्यंतच्याच खुणा आहेत. स्वयंभरण रायफलींचा पुरवठा पुरेसा झाल्यावर १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास तिचे उत्पादन थांबले. बोल्टाने चालणाऱ्या सैनिकी रायफलींच्या मालिकेतील ही जगातील अखेरच्या रायफलींपैकी एक होय.

पोलादी लक्ष्याचे कार्य : कागदी लक्ष्यावर गोळी कोठे लागली हे पाहण्यासाठी दुर्बिणीतून निरखावे लागते अथवा लक्ष्यापर्यंत चालत जावे लागते. पोलादी तबकडी गोळी लागताच खणखणते, झुलते किंवा पडते, त्यामुळे निकाल तत्काळ कळतो. ०·३०३ गोळीस २०० मी. अंतर काटण्यास सु. ०·३ सेकंद लागतात. आघाताचा नाद नेमबाजाच्या कानी परतण्यास आणखी सु. ०·६ सेकंद जातात. म्हणजे बार झाल्यावर साधारणतः एका सेकंदाने उत्तर मिळते. हे उत्तर फक्त ‘लागली’ किंवा ‘चुकली’ एवढेच असते. काठावर लागलेली व मध्यावर लागलेली गोळी यांत तबकडी भेद करीत नाही. म्हणून अचूकतेच्या सूक्ष्म मोजमापासाठी कागद आणि अंतराचा अंदाज, वाऱ्याचा विचार व श्वासावरील ताबा यांच्या सरावासाठी पोलाद, अशी विभागणी केली जाते.

जुन्या सैनिकी रायफलींवर सहसा दुर्बीण नसते. नळीमुखाजवळची माशी, मागील दर्शकाची खाच आणि लक्ष्य ही तीन टोके एका रेषेत आणावी लागतात. डोळ्याला तिन्ही अंतरांवर एकाच वेळी स्पष्ट पाहता येत नाही. म्हणून माशी स्पष्ट ठेवावयाची व लक्ष्य किंचित अंधुक दिसू द्यावयाचे, असा नियम आहे. गोळी सरळ रेषेत जात नाही. तीनशे यार्ड (सु. २७४ मी.) पार करण्यास लागणाऱ्या सु. ०·४ सेकंदात गुरुत्वाकर्षणामुळे ती नळीच्या रेषेपासून पाऊण ते एक मीटर खाली उतरते. मागील दर्शक अंतराच्या खुणेनुसार वर उचलला की नळीचे तोंड तेवढे वर होते व ही घट भरून निघते. अंतराचा अंदाज चुकला, तर नेम कितीही स्थिर असला तरी गोळी तबकडीच्या वरून किंवा खालून जाते.

धोके व दक्षता : पोलादी लक्ष्याचा मुख्य धोका उलट उडणाऱ्या तुकड्यांचा असतो. सपाट व कठीण पृष्ठावर आपटलेली शिशाच्या गाभ्याची गोळी फुटते आणि तिचे कण बहुतांशी तबकडीच्या पृष्ठाला जवळजवळ समांतर असे चोहोकडे उडतात. साध्या पोलादाची ब्रिनेल कठिनता सु. १२० ते १५० असते. अशा पत्र्यावर वेगवान गोळीने खळगे पडतात; पुढची गोळी त्या खळग्यात शिरली की तिचे तुकडे वाटीतून वळविल्याप्रमाणे नेमबाजाकडे परततात. म्हणून रायफलीसाठी सु. ५०० ब्रिनेल कठिनतेचे, उष्णता-संस्कारित पोलाद वापरतात. त्याची जाडी सामान्यतः ९·५ मिमी. किंवा अधिक असते. अशा पत्र्याला वितळजोड दिला तर जोडालगतचा भाग मऊ पडतो. म्हणून तो साखळीने किंवा बोल्टाने टांगतात व त्याचा वरचा काठ नेमबाजाकडे थोडा झुकता ठेवतात. त्यामुळे बहुतेक तुकडे जमिनीकडे वळतात. रायफलीसाठी लक्ष्य निदान १०० यार्डांपलीकडे असावे, खळगा किंवा तडा पडलेली तबकडी बाद करावी आणि उपस्थित प्रत्येकाने डोळ्यांचे व कानांचे संरक्षण वापरावे, हे सर्वमान्य नियम आहेत.

जुन्या सैनिकी काडतुसांमुळे आणखी प्रश्न उद्‌भवतात. काही देशांच्या गोळ्यांचा गाभा किंवा बाह्य कवच लोखंडाचे असते. अशी गोळी तबकडीला इजा करते, अधिक दूर उसळते आणि ठिणग्यांमुळे सुक्या गवताला आग लावू शकते. गोळीला लोहचुंबक लावून पाहणे ही तिची सोपी परीक्षा होय. अनेक जुन्या काडतुसांच्या ठिणगीद्रव्यात पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या ज्वलनानंतर उरणारा पोटॅशियम क्लोराइडाचा क्षार हवेतील ओलावा शोषून नळीस गंज चढवितो. हा क्षार तेलात विरघळत नाही. म्हणून नळी आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच तेल द्यावे लागते. पावसाळी हवेत ही धुलाई एक दिवसही लांबविली तर नळी खराब होण्याचा संभव असतो. दीर्घकाळ पडून राहिलेल्या रायफलीचा बोल्ट व काडतुसाची कोठी यांतील अंतर, नळीमुखाची झीज, आतील गंज आणि लाकडी दस्त्याच्या भेगा यांची जाणकाराकडून तपासणी झाल्याखेरीज ती चालविणे धोक्याचे असते.

भारतातील शस्त्रांचा उतरता क्रम : एका हातातून निवृत्त झालेले शस्त्र दुसऱ्या हाती जाणे भारतातही घडले, परंतु ते शासनाच्याच कक्षेत. १८५७ च्या उठावानंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण ब्रिटिशांनी स्वीकारले. त्या वेळी देशी शिपायांसाठी एन्फील्ड बंदुकीची आटे नसलेली गुळगुळीत नळीची आवृत्तीही काढण्यात आली. ती दिसावयास रायफलीसारखीच, पण लांब पल्ल्यावर नेमकी मारा न करणारी असे. पुढे हाच विचार पोलिसांबाबत चालू राहिला. ०·३०३ रायफलीची नळी मोठी व गुळगुळीत करून बनविलेली ०·४१० मस्केट पोलीस व पहारेकरी यांना दिली जाई. तिच्यात सैनिकी काडतूस चालत नसल्याने ती चोरीला गेली तरी बंडखोरांना तिचा उपयोग मर्यादित राही.

लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्र-कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला. यूरोपियनांना मिळालेल्या सवलतींमुळे तो राष्ट्रीय चळवळीत सतत टीकेचा विषय राहिला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. त्याखालील १९६२ च्या नियमांनी ०·३०३ व ७·६२ मिमी. सैनिकी काडतूस चालू शकेल अशा बोल्ट-रायफली आणि ०·४१० मस्केट निषिद्ध वर्गात घातल्या. सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी ०·३१५ इंची (८ मिमी.) शिकारी रायफल बनविली, तिचे कारण हेच होय. तिच्या यंत्ररचनेवर ली-एन्फील्डची छाप स्पष्ट दिसते, परंतु तीत सैनिकी काडतूस बसत नाही. २०१६ च्या शस्त्र-नियमांनी जुने नियम रद्द केले. तथापि सैनिकी शस्त्रे नागरिकांपासून दूर ठेवण्याचे तत्त्व कायम राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या परवानाधारी शस्त्रांची संख्या तिनावरून दोनवर आणली आणि निषिद्ध शस्त्रांबाबतच्या शिक्षा वाढविल्या.

जुन्नर व आंबेगाव : पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील हे दोन तालुके भूरचनेने दुभंगलेले आहेत. पश्चिमेस नाणेघाट, जीवधन, भीमाशंकर यांचा सह्याद्रीचा कडेकपारींचा प्रदेश आहे, तर पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील बागायती शेती. पूर्वी येथील किल्ल्यांवर तोड्याच्या बंदुका बाळगणारी शिबंदी असे. १८१८ मध्ये शिवनेरी, चावंड, जीवधन इ. किल्ले ब्रिटिशांच्या ताब्यात गेले व शिबंदी बेकार झाली. त्यानंतर डोंगरी भागातील महादेव कोळ्यांचे उठाव होत राहिले. राघोजी भांगरे यास १८४८ मध्ये ठाणे येथे फाशी देण्यात आले. आंबेगाव तालुक्यातील जांभोरी येथील होनाजी केंगले याचे सावकारांविरुद्धचे बंड १८७६ मध्ये त्याच्या अटकेने संपले. या दोहोंच्या दरम्यान, १८५७ च्या धामधुमीत, याच समाजातील लोकांचे एक पथक नटॉल या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरकारच्या बाजूने उभारले होते. काम संपताच, १८६१ मध्ये, ते मोडण्यात आले. होनाजीच्या अटकेनंतर दोन वर्षांनी शस्त्र-कायदा झाला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी (१८७९) पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंत फडके यांचा उठाव झाला. डोंगरी माणसाच्या हातातील बंदूक ही राज्यकर्त्यांच्या दृष्टीने गरजेपुरती उपयोगी व एरवी संशयास्पद, अशी तिची स्थिती होती. १८७८ च्या कायद्यामागील ही भीती या प्रदेशाच्या इतिहासात प्रत्यक्ष दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळात येथील शेतकऱ्यांकडील परवान्याच्या बंदुका मुख्यतः गुळगुळीत नळीच्या अथवा ठासणीच्या राहिल्या. पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या अधिनियमातच आहे. अशी बंदूक शंभर मीटरांच्या आतच कामाची असते. ०·३०३ रायफलीची गोळी मात्र मोकळ्या उंचीवर झाडल्यास तीन किमी. हून अधिक दूर जाऊ शकते. डिंभे, माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे इ. धरणांच्या पाण्यामुळे पूर्वेकडील गावे दाट झाली आहेत. ऊस, द्राक्ष व भाजीपाल्याच्या शेतांतून एकेकट्या घरांच्या वस्त्या विखुरल्या आहेत. अशा प्रदेशात तीन किमी. लांबीचा निर्मनुष्य पट्टा सहसा सापडत नाही. पश्चिमेकडील डोंगर गोळी अडवू शकतील असे वाटते; परंतु काळ्या पाषाणाचा उघडा खडक आणि जलाशयाचा पृष्ठभाग या दोहोंवरून लहान कोनात आलेली गोळी उसळून अनपेक्षित दिशेला जाते. त्यामुळे चांदमारीच्या मैदानासाठी उंच मातीचा बांध, लाल निशाणे, पहारे व शासकीय परवाना यांची आवश्यकता असते. डोंगर आहे म्हणून तो मैदान होत नाही.

‘थ्री नॉट थ्री’ची अखेर : सैन्यातून गेल्यावरही ०·३०३ रायफल पोलीस, गृहरक्षक दल, रेल्वे सुरक्षा दल आणि राष्ट्रीय छात्रसेना यांच्याकडे अनेक दशके टिकली. ग्रामीण पोलीस ठाण्यांत व निवडणुकीच्या बंदोबस्तात ती सर्वसामान्य माणसाच्या नजरेस पडे. तिचा दणकटपणा हाच तिच्या दीर्घायुष्याचा आधार ठरला. पण त्याच कारणाने ती बदलण्याची निकडही दीर्घकाळ भासली नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात स्वयंचलित रायफली घेतलेल्या अतिरेक्यांसमोर जुन्या बोल्ट-रायफली व लाठ्या घेतलेले शिपाई उभे ठाकले. त्यानंतर पोलिसांच्या शस्त्रांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि महाराष्ट्रात आधुनिकीकरणास वेग आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीस समारंभपूर्वक निरोप दिला.

निवृत्त झालेल्या रायफलींपैकी काहींची नळी छेदून व आघातपिन काढून त्या कवायतीसाठी ठेवतात. खांद्यावर रायफल घेऊन संचलन करणाऱ्या छात्रसैनिकाला तिचे वजन कळते, बार मात्र कळत नाही. उरलेल्या रायफली मोडून वितळविल्या जातात. मोजके नमुने संग्रहालयांत जातात. परदेशातील छंदिष्ट ज्या रायफलीचे वर्ष, कारखाना व शिक्के पाहून तिचा इतिहास जुळवितो, तिच्या भारतीय भावंडांचा इतिहास अशा रीतीने भट्टीत संपतो. त्यामुळे काही ऐतिहासिक सामग्री नष्ट होते हे खरे. परंतु सैनिकी रायफली चोरबाजारात जाण्याचा एक मोठा मार्गही त्यामुळे बंद राहतो.

जिवंत लक्ष्याचा प्रश्न : जुन्नर व आंबेगाव भागात नेमबाजीचा प्रश्न क्रीडेपुरता राहिलेला नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात. ऊसक्षेत्र वाढल्यावर बिबट्यांना तेथे बारमाही आडोसा मिळाला. २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ले एकदम वाढले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याच्या पद्धतीचा या वाढीशी संबंध असल्याचे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्या निवारा केंद्र चालते. तेथील व वनविभागाच्या पथकांचे मुख्य साधन म्हणजे दाबलेल्या वायूने औषधाची सुई फेकणारी भूलीची बंदूक होय. तिचा उपयुक्त पल्ला काही दशक मीटरांचा असतो. सुई जड व मंद असल्याने वाऱ्याने व उसाच्या पात्यानेही तिची दिशा बदलते. भूल चढण्यास काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या अवधीत प्राणी पळून जाऊ शकतो अथवा उलटून चाल करू शकतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अकराव्या कलमानुसार माणसाच्या जिवास धोकादायक ठरलेला बिबट्या पकडणे, भूल देणे वा हलविणे शक्य नसल्याची खात्री झाल्यावरच, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी व सकारण आदेशाने त्याला मारता येते. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात माणसे मृत्युमुखी पडल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा आदेशानुसार नेमबाजांनी एका बिबट्यास ठार केले. अशा प्रसंगी नेमबाजाला रात्र, ऊस, लोकांचा जमाव आणि मागे विखुरलेली घरे यांचा एकाच वेळी विचार करावा लागतो. पोलादी तबकडीवर चुकलेली गोळी मातीच्या बांधात जाते. वस्तीत चुकलेल्या गोळीला असा बांध नसतो. म्हणूनच हे काम परवानाधारी हौशी व्यक्तींच्या उत्साहावर न सोपविता प्रशिक्षित पथकांकडे देतात.

आजची नेमबाजी : भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होत. त्यांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरविली जाते. आज महाराष्ट्रातील नेमबाजी मुख्यतः १० मी. हवाई रायफल व पिस्तूल आणि ५० मी. ०·२२ रायफल या प्रकारांत चालते. २०१६ च्या नियमांनुसार ०·१७७ इंचांपर्यंत अंतर्व्यास व २० जुलांपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई रायफलीस शस्त्र-परवाना लागत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावीही एखाद्या लांब खोलीत सराव करता येतो. पुण्याजवळील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आंतरराष्ट्रीय दर्जाचे नेमबाजी केंद्र आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. रायफल प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक पटकाविले.

या आधुनिक स्पर्धांत जुनी सैनिकी रायफल नाही आणि पोलादी तबकडीही नाही. तथापि त्या दोहोंनी शिकविलेली मूलतत्त्वे तीच राहिली आहेत : शरीराची स्थिर बैठक, श्वासाचा विराम, माशीवरील दृष्टी, चापावरील हळुवार दाब आणि नेम धरण्यापूर्वी लक्ष्याच्या मागे काय आहे याची खातरजमा. यांतील पहिल्या चारांनी गुण मिळतात. पाचव्यावर इतरांचा जीव अवलंबून असतो. म्हणून नेमबाजीच्या प्रत्येक शिक्षणक्रमात त्याला पहिले स्थान दिले जाते.